धाकटी सून

झाडाने मान टाकली होती. कौसाबाई त्याला पदराने वारा घालत होत्या.

त्यांचा धाकटा मुलगा मोतीलाल सिमल्याला सरकारी बागेत कामाला होता. लग्नाचं नाव काढेना, तेव्हा घरच्यांनी कंटाळून कळवलं, तिकडचीच कर, पण कर. त्याने झाड धाडलं. पिवळ्या फुलांचं, अझेलिया की काय नावाचं, बर्फातही न मरणारं. तापीकाठच्या प्रकाशा गावात तेवढा बर्फच नव्हता. गाव झाडाला धाकटी सून म्हणू लागलं. मग कौसाबाईही.

चैत्र सरता सरता नथ्थू वैद्याला बोलावलं. त्याने फांदीची नाडी धरली, डोळे मिटले.

"हिले माहेरनी याद यी ऱ्हायनी."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. साऱ्या गावच्या सुना माहेरी निघालेल्या. कौसाबाईंचे यजमान हिंमतराव यांनी झाड मुळांसकट काढलं, गोणपाटात बांधलं. कौसाबाईंनी ओटी भरली. नारळ फांदीला पेलेना, म्हणून सुपारी. नंदुरबारला धाकटी सून रेल्वेच्या पार्सलात चढली, तेव्हा कौसाबाई इतक्या रडल्या की पार्सलबाबूनेही डोळे पुसले.

घरी येताच थोरली सून जसोदा म्हणाली, "आत्याबाई, मी जाऊ का? आखाजी शे."

तिचं माहेर तापीच्या पलीकडच्या काठाला. तिथल्या चुलीचा धूर इथून दिसायचा. लग्नापासून ती धूरच बघत होती.

"भाकरी कोन टाकी? माले धाडं व्हतं का कोन्ही कधी माहेरले?"

दुसऱ्या दिवशी भर उन्हात जसोदा परसात गेली, झाडाच्या रिकाम्या खड्ड्यात उभी राहिली, पायांवर माती ओढली आणि मान टाकली.

हाका मारून झाल्या. उत्तर नाही. झाडं बोलत नाहीत. शेजारणी जमल्या. एकीने सवयीने तांब्याभर पाणीही घातलं. वैद्याला बोलवायची गरजच पडली नाही, दुखणं साऱ्यांना पाठ होतं.

"गाडी जुपस मी," हिंमतराव म्हणाले.

सुनेला पलीकडे पोचवून ते तिन्हीसांजेला परतले. चूल पेटलेली नव्हती. हाक मारली, उत्तर नाही. ते परसात गेले.

खड्ड्यात कौसाबाई उभ्या होत्या.