चौकशीच्या खोलीबाहेरचं बाक

"सरक गं जराशी," म्हातारी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता बाकावर टेकलीसुद्धा.

बारकी सरकली. चौकशीच्या खोलीबाहेर एवढं एकच बाक होतं आणि त्याचाही एक पाय आखूड. दोघी दोन टोकांना बसल्या तेव्हा कुठे ते डुगडुगायचं थांबलं.

बारकी म्हणजे पलटणीतला दहा चाकी ट्रक चालवणारी पहिली बाई. उंची बेताची, सीटवर उशी घेतल्याशिवाय समोरचा रस्ता दिसायचा नाही, म्हणून नाव पडलं बारकी. पहिल्या दिवशी ट्रक बिनमाणसाचाच येतोय असं वाटून फाटकावरच्या पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली होती, हे मेकॅनिक अजून तिखटमीठ लावून सांगायचा. बारकी सगळ्यात मोठ्याने हसायची. पण स्टोअरच्या साहेबांनी टायर दाखवतो म्हणून आत नेलं आणि अंगाला हात लावला, तेव्हा मात्र ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सरळ तक्रार केली.

आज त्या तक्रारीचा सोक्षमोक्ष लागायचा होता. खोटी ठरली तर बारकीचा ट्रक जाणार. तिच्या मागे स्टिअरिंग धरायला शिकणाऱ्या दोन पोरींनाही "बघा, आम्ही म्हणतच होतो" हे ऐकत बसावं लागणार. आणि पाहणारं तर कोणीच नव्हतं.

आशा होती ती एकच. याच साहेबांच्या जाचाने नोकरी सोडून गेलेली मैत्रीण काल फोनवर म्हणाली होती, "माझी हिंमत नाही गं होत. पण आई म्हणतेय, मी जाते आणि सांगते."

म्हणून बारकीने म्हातारीला नीट न्याहाळलं. कपडे कडक इस्त्रीचे, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. लांबून आलेली दिसत होती.

"आजी, तुम्ही साक्षीला आलात ना?"

म्हातारीने झटकन मान वळवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. "हो. साक्षीलाच."

"अगदी देवासारख्या धावून आलात."

"देवाला कशाला मध्ये ओढतेस? आई आहे म्हणून यावं लागलं."

बारकीचा जीव भांड्यात पडला. "पाणी आणू तुम्हाला?"

"नको. तू बोल. बोलत राहा."

"मी बोलायला लागले की थांबत नाही हं. आमची आई म्हणते, तुझ्या जिभेला ब्रेक नाही, निदान ट्रकला तरी आहे ना?"

म्हातारी हसली. पिशवीतून लिमलेटच्या दोन गोळ्या काढल्या, एक बारकीला दिली, एक स्वतःच्या तोंडात टाकली. "आणि ती उशी? फाटकावर विचारलं तर म्हणाले, उशीवाली बसलीये ना, त्याच बाकावर थांबा."

"आत्याने शिवलीये. गुलाबी, वर झालर. शत्रू समोर आला तर हसूनच मरेल."

गोळी चघळत चघळत बारकीने मग सगळंच सांगून टाकलं. साहेब म्हणतात, त्या दुपारी मी घरच्यांशी फोनवर बोलत होतो. फोन कंपनीकडून तशी नोंदही आणलीये, चांगला तासभर फोन चालू. फोनवर बोलणारा माणूस असलं काही करेल का, असं त्यांचं म्हणणं, आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही.

"आणि केलं त्याने?" म्हातारीने विचारलं.

"केलं, आजी. मी ओरडले तर म्हणतात, ओरड, इथे ऐकायला आहे कोण?"

म्हातारीने पिशवीचे बंद मुठीत धरले. "अस्संच म्हणाला?"

"अगदी अस्संच."

तेवढ्यात कारकुनाने दार उघडून दोघींना आत बोलावलं.

आत मधोमध कर्नलबाई, दोन्ही बाजूंना दोन अधिकारी. समोर स्टोअरचे साहेब पायावर पाय टाकून बसले होते. म्हातारी दिसली तसे ते ताडकन उठले आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.

"ये आई, बस. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बारकीच्या तोंडातली गोळी कडू लागली. कुणापुढे मन मोकळं करून बसलो आपण? जिभेला ब्रेक नाही म्हणतात ते काय खोटं? तिला स्वतःचा मनस्वी राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आपला ट्रक दुसरंच कोणी फाटकाबाहेर नेतंय, असं तिच्या डोळ्यांसमोर येऊन गेलं.

"मॅडम, ही माझी साक्षीदार," साहेब म्हणाले. "त्या दुपारी हिच्याशीच बोलत होतो. आईचा फोन आपण आधी ठेवायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. आणि हिला बंद करायचं बटण सापडत नाही. त्यामुळे आमचे फोन असे लांबतात."

डावीकडचे अधिकारी कौतुकाने हसले. कर्नलबाई हसल्या नाहीत. "आजी, त्या दुपारी फोन चालू होता?"

"चालू होता," म्हातारी म्हणाली. खुर्चीवर ती बसलीच नव्हती. "बोलणं उरकून याने खिशात टाकला, तरी चालू होता. मी कानाला लावूनच बसले होते. कुणाची तरी पोर 'हात सोडा, हात सोडा' म्हणत होती. कोण ते कळायला मार्ग नव्हता. मघाशी बाहेर ही बोलायला लागली आणि मी आवाज ओळखला."