दिवाळीपर्यंतच्या गोळ्या

"दिवाळीपर्यंतच्या द्या," भागाबाई इतकं हळू म्हणाली, की रतिलालशेठनं काउंटरवरून वाकून कान पुढे केला.

"मोठ्यानं बोला, बाई. फिटच्या ना?"

भागाबाईनं मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे रसाच्या गाडीशी सुकदेव उभा होता, लेकीचा धाकटा दीर. आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या लताला तो न्यायला आला होता. लता तिकडे धुळ्याच्या स्टँडवर बोचकी सांभाळत बसली होती. दाढ दुखते, औषध घेऊन येते, असं सांगून भागाबाई निघाली, तर हा गुणी पोरगा सोबतीला हजर. लताच्या फिटचं सासरी कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्न झालं की आपोआप बरी होते, असं भाऊबंदांतल्या शहाण्यांनी सांगितलं आणि सगळे गप्प बसले. ती बरी झाली नव्हती. गोळ्या चालू होत्या म्हणून झाकलं गेलं होतं.

"महिन्याच्या गोळ्या परवाच नेल्या तुम्ही," शेठ म्हणाला. "झोपेचं औषध आहे हे. संपत आल्याशिवाय पुढच्या देता येत नाहीत."

"पोर सासरले चालनी, शेठ. आते दिवाळीलेच येई."

"मग दर महिन्याला तुम्ही नेऊन द्या."

लेकीच्या सासरी दर महिन्याला आई कोणत्या तोंडानं जाणार? आणि गेलीच, तर सासू विचारल्याशिवाय राहील?

"नाहीतर पोरीला घेऊन डॉक्टरकडे जा. ते लिहून देतील तेवढ्या देतो. पण मध्येच बंद करू नका. एकदम थांबवल्या, तर फिट आधीपेक्षा जोरात येते. चुलीपाशी, विहिरीपाशी आली तर जिवावरच बेतायचं."

डॉक्टरकडे जायचं, ते सुकदेवच्या देखत? "पाया पडस, शेठ," ती म्हणाली. शेठ वाईट माणूस नव्हता. पण नाही म्हणून मान हलवत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

ती पायरी उतरली, तोवर सुकदेव रसाचा ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आला होता.

"ल्या, मावशी. दाढले बरं वाटी."

तिनं ग्लास घेतला. तो तोंडाला न लावताच ती स्टँडच्या दिशेनं बघत राहिली. लेक निघाली म्हणून मावशीचा जीव कासावीस झाला असावा, असं त्याला वाटलं.

"वहिनीनी तुमी फिकर करू नका," तो मायेनं म्हणाला. "आमना घर तिले शेतमा काम नही. रांधनं आन पानी भरनं, बस. इहीर तर दारमाच शे."