घरातले संशोधक

“विज्ञान आता प्रयोगशाळेत मावणार नाही! ते सामान्य माणसाच्या घरी नांदायला येणार आहे!” निवृत्त हेडक्लार्क नाना गॅलरीतून गरजले.

“येऊ दे की. चपला बाहेर काढून येऊ दे,” आतून बायको म्हणाली. “आत्ताच फरशी पुसलीय.”

नानांनी दुर्लक्ष केलं. आज विद्यापीठातल्या संशोधक बाई यायच्या होत्या. ‘तुमच्या घरातल्या स्वयंसेवक संशोधकांना भेटायचंय, शोधनिबंधावर त्यांचं नाव छापतोय,’ असा त्यांचा फोन होता.

निवृत्तीपासून नाना गल्लीतल्या चिमण्या मोजून विद्यापीठाला कळवत. “आधी फायली मोजल्या, आता चिमण्या,” असं मेहुणा चारचौघांत म्हणायचा. छापील नाव त्याच्या नाकावर टिच्चून मिरवायचं, एवढीच नानांची इच्छा होती. फोन ठेवताक्षणी त्यांनी त्याला बातमी देऊनही टाकली होती.

“शर्ट तरी बदला,” बायको म्हणाली.

“खरा निरीक्षक असाच मळकट असतो. पाखराला आपला पत्ता लागता कामा नये. लागला की ते मुद्दाम वागतं, नोंद फुकट जाते.”

“हो ना,” म्हणत ती मोबाइलवर काहीतरी टिपत राहिली. बहिणीशी गप्पा, दुसरं काय!

बाई आल्या. चहा आला. नानांनी घसा खाकरला. “आमचा आपला खारीचा वाटा.”

“छे हो! सगळा अभ्यास त्याच्यावरच उभा आहे,” बाई म्हणाल्या. “हौशी निरीक्षकांच्या नोंदी सगळेच वापरतात. पण ही माणसं घरात कशी वागतात, हे कुणी पाहिलंच नव्हतं. चिमणी दिसली नाही की जेवणावर राग काढणं, आरशापुढे सत्काराच्या भाषणाची तालीम, दुर्बीण हळूच शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळवणं... इतकं बारीक दुसऱ्या कुणीच टिपलं नाही.”

नानांनी शेजारची दुर्बीण हळूच खुर्चीखाली सरकवली.

बाई उठून थेट स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. “काकू, मनापासून अभिनंदन!”

“म्हणजे... नाव हिचं?” नाना कसेबसे म्हणाले. “आणि मेहुण्याला मी काय सांगू?”

“दादाला मी सांगते,” बायको मोबाइल सरसावत म्हणाली. “पण अहो, अभ्यास अजून महिनाभर चालणार आहे. तेवढं जरा नेहमीसारखं वागाल का?”