हिरवा चौकोन

निमगाव साव्याच्या सोमाजी मेंढपाळाची लेक ऋतिका मंचरच्या एका कार्यालयात संगणकावर नकाशे रचीत असे. बिबट्याने उसातून येऊन कोकरू उचलले, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता; कारण आबा उघड्या रानात मेंढरांपाशीच निजत.

अखेर तिने शिवाराचे लहान लहान चौकोन पाडले. उसाची दाटी, पाण्याचे सान्निध्य आणि पाळीव जनावरांचा वावर असे तीन थर एकावर एक ठेवून भयाच्या प्रमाणात तिने प्रत्येक चौकोन रंगवला. सारे शिवार तांबडे झाले. एकच पडीक तुकडा हिरवा उरला. ऊस त्याच्याही कडेला उभा होता, परंतु तिथे एकही गुरू-मेंढरू फिरकत नसल्याने संगणकाने त्याला अभय दिले होते. नकाशा तिने तत्काळ आबांना धाडला.

दिवेलागणीला त्यांचा फोन आला.

"बाय, तुज्या हिरव्या चौकोनात मेंढरांचा वाडा लावला बघ. जालिंदर, हिराबाई, समदेच आपापली मेंढरं घिऊन हितं आल्यात. लई गर्दी झालीया. आता बसू दे त्या बिबट्याला उपाशी!"

ऋतिकेने घाईघाईने नकाशा पुन्हा उघडला. तिने जनावरांच्या थरात मेंढरांची नवी जागा भरली.



पाहता पाहता सारे शिवार हिरवे झाले, आणि मधोमध आबांचा तेवढा एक चौकोन तांबडालाल उरला.