मागचा डावा पाय

घोडी गपगुमान उभी होती आणि क्रांती तिच्या मागच्या डाव्या पायाला बुटाचं काळं पॉलिश फासत होती. घोडी तांबडी, तीन पाय गुडघ्याखाली काळे. चौथा मात्र खुराच्या वर चार बोटं पांढरा. चारही पांढरे असते आणि कपाळावर पट्टा असता, तर पंचकल्याणी म्हणून लोकांनी कुंकू लावलं असतं. एकच पांढरा म्हणजे घर बुडवणारा. सातारा-सांगलीकडं घोडी पाळणारे बरेच जण असं सांगतात, आणि सांगताना डिग्री आड येत नाही.

वीरधवलच्या फार्मवर अडथळ्यांवरून उड्या मारणारे स्पर्धेचे घोडे तयार होतात. या घोडीच्या बापाचं बीज जर्मनीहून गोठवून आणलं होतं. त्या बापाला खंडाळा तालुक्यात कुणी बघितलेलं नाही. ते चालतं. पांढरा पाय चालत नाही. वीरधवलनं केसांचा कलप लावायला सांगितलं होतं. कलपानं कातडं सोलेल म्हणून क्रांतीनं पॉलिशवर भागवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ती फार्मवरची निवासी विद्यार्थिनी होती. म्हणजे राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि शिक्षण म्हणून लीद काढायची.

शिक्षणाचं वर्ष संपत आलं होतं. सांगलीच्या लालासाहेबांनी घोडी घेतली तर तिला सांभाळायला क्रांतीनंही जायचं, तिथंच राहायचं, पगार घ्यायचा, असं ठरत होतं. नाही घेतली तर वडूजला सासरी परत. तिथं सासू तिला नावानं हाक मारायची नाही. मुलगा लग्नानंतर ड्यूटीवर गेला आणि तिरंग्यात गुंडाळून आला, तेव्हापासून ती सुनेला पांढऱ्या पायाचीच म्हणायची.

लालासाहेब घोडी न्यायची गाडी घेऊनच आले. हळदीचे मोठे व्यापारी, लेकीसाठी घोडी हवी होती. दात बघितले, छाती बघितली, खूर उचलून बघितले. मग क्रांतीनं घोडी रिंगणात मोकळी सोडली. तिनं दांडीवरून अशी उडी घेतली की लालासाहेब तंबाखू मळायचे थांबले. घोडी पसंत पडली. आता राहिली बाई. घरात वयात आलेली लेक, आवारात परकी बाई ठेवायची, म्हणजे चौकशी केलीच पाहिजे.

"पोरी, मालक काय करत्यात तुझं?"

क्रांतीनं तोंड उघडायच्या आत वीरधवल बोलला, "मिलिटरीत आहेत. बॉर्डरला."

लालासाहेब खूष झाले. फौजीची बायको म्हणजे शिस्तीची, म्हणाले. सुट्टीला कधी येतो विचारलं. दिवाळीत येतील, वीरधवलनं सांगून टाकलं. आला की त्यालाही खुशाल खोलीवर राहू दे, मटण आमच्याकडून, असं लालासाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. वीरधवलनं क्रांतीकडं बघून मान हलवली. सकाळी कलप लावायला सांगताना हलवली होती तशीच. जरा सांभाळून घे.

क्रांतीनं नखांत अडकलेलं काळं ओढणीला पुसलं.

"मालक वारले, काका. सर पॉलिश लावत्यात. घोडीला बी आन मला बी. तिचा मागचा डावा पाय पांढरा हाय."

लालासाहेब वाकले. घोडीच्या पायावर अंगठा घासला, काळा झालेला अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि घोडीच्याच पोटाला पुसला. वीरधवल घाईघाईनं जमाना बदलल्याचं सांगायला लागला. तिकडं परदेशात पाय कुणी बघत नाही, उडी बघतात, म्हणाला. लालासाहेबांनी त्याला हातानं गप्प केलं.

"घोडीचं भागतंय वो. घरात म्हातारीला दिसाय नको, आमी बी लावू पॉलिश. बाईला काय लावायचं?"

वीरधवल हसला. सौदा मोडला नाही म्हणून जरा जास्तच हसला. गाडीचा ड्रायव्हर पण हसला.

झालं. घोडी जाणार, क्रांती मागं राहणार. ड्रायव्हरनं गाडीची फळी खाली टाकली. क्रांतीनं घोडी फळीपर्यंत नेली आणि थांबली.

"चढव तिला," वीरधवल म्हणाला.

क्रांतीनं दोर त्याच्या हातात दिला. "तुमीच चढवा, सर. माझा पाय गाडीला लागाय नको."

उद्याच्या एसटीनं वडूज गाठायचं, असं वीरधवल दात खाऊन म्हणाला. ती "व्हय" म्हणाली आणि बादली उचलून बाकीच्या घोड्यांना पाणी पाजायला गेली.

घोडीनं फळीवर खूर ठेवला नाही. वीरधवलनं पुढून दोर ओढला, ड्रायव्हरनं गूळ दाखवला, मागून चाबूक वाजवला. शेवटी लालासाहेबांनी धोतराचा सोगा खोचून घोडीच्या पुठ्ठ्याला खांदा लावला. चुचकारून झालं, आईबहिणीवरून झालं. घोडी चारही पाय रोवून उभी.

ऊन डोक्यावर आलं तरी ती फळीच्या अलीकडंच होती. मुरमाच्या धुळीनं तिचे चारही पाय एका रंगाचे झाले होते. वीरधवलचेही. लालासाहेबांचेही.