आमटी आणि बुडबुडे

डॉक्टरीणबाई वॉर्डात शिरल्या की सदूभाऊ आचारी श्वास रोखून धरत.

मांडवात घसरून त्यांची बरगडी मोडली होती आणि फुप्फुसातून हवा गळत होती. ती बाहेर पडावी म्हणून छातीत घातलेली नळी कॉटखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडली होती. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले की नळी काढू, असं बाईंनी सांगितलं होतं. पण रविवारी पाचशे पानांचं लग्न होतं, आणि सदूभाऊंना थांबायला वेळ नव्हता.

बाई वाकून बाटलीकडे बघत राहिल्या. एकही बुडबुडा नाही. सदूभाऊंचा चेहरा मात्र वांग्यासारखा होत चालला होता.

"सिस्टर," बाई सहज म्हणाल्या, "मी कटाच्या आमटीत टोमॅटो सॉस घालते. गूळ वाचतो."

"ती आमटी आहे का चायनीज?" सदूभाऊ कडाडले. बाटलीतलं पाणी खदखदलं.

"नळी राहू दे," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी सदूभाऊंनी श्वास रोखलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"सिस्टर, पुरणात मी वेलदोड्याऐवजी व्हॅनिला इसेन्स घालते."

सदूभाऊ ताडकन उठून बसले. पुरण कसं करतात हे त्यांनी खोकत खोकत दहा मिनिटं सुनावलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. बाई फक्त बाटलीकडे बघत होत्या. एकही बुडबुडा आला नाही.

"काढू या नळी," बाई हसून म्हणाल्या.

"नळीचं नंतर बघू," सदूभाऊ म्हणाले. "आधी घरातला तो इसेन्स काढा."