प्लायवूडचं विमान

सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या फोटो स्टुडिओत प्लायवूडचं एक विमान होतं, त्यामागे आभाळ रंगवलेला पडदा. कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं त्या विमानात बसून फोटो काढून घ्यायची आणि खानदेशात गावी पाठवायची. फोटोंचं टचिंग, म्हणजे डाग-ओरखडे ब्रशने झाकणं, मी करायचे.

त्या हिवाळ्यात प्रत्येक फोटोत शेपटीजवळच्या खिडकीवर एक धुरकट डाग येऊ लागला. खिडकी म्हणजे नुसता निळा रंग. मी डाग बारीक ब्रशने झाकायचे. पुढच्या रोलमध्ये तो एक खिडकी पुढे सरकलेला असायचा.

"चालशे, शोभाताई," स्टुडिओचे मालक योगेंद्रभाऊ म्हणाले. "गिऱ्हाईक काही बोलत नाही."

"मी बोलतेय ना. डाग असलेला फोटो माझ्या हातून जाणार नाही."

डाग सगळ्यात पुढच्या खिडकीत आला, तेव्हा मी प्लायवूडवरच्या सगळ्या खिडक्या पांढऱ्या रंगाने बुजवल्या आणि स्वतः विमानात बसले.

"काढा फोटो. बघू आता कुठून येतो."

प्रिंट आली. डाग नव्हता. मीही नव्हते. माझ्या जागी कुणीतरी आभाळ रंगवलं होतं, माझ्यापेक्षा सफाईने. बोट लावलं तर रंग ओला होता.

समोर उभ्या योगेंद्रभाऊंनी प्रिंट फाडायला हात पुढे केला. मी दिली नाही. ब्रश उचलला आणि त्या आभाळावर स्वतःला परत रंगवायला बसले.

आधी डोळे रंगवले. ते माझ्या खांद्यामागे बघू लागले. योगेंद्रभाऊही तिकडेच बघत होते.

मी वळले नाही. नाक रंगवायला घेतलं.

माझ्या मागे वाटीतल्या पाण्यात कुणीतरी ब्रश खळबळला.